निर्मूलन कोणाचे?

घरात आजारी मूल जन्माला आले की डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांच्या आधी एक निराळाच प्रश्न घरात फिरू लागतो. हे कोणाकडून आले? सासरची माणसे सुनेच्या माहेराकडे पाहतात, माहेरची माणसे जावयाच्या आजोबांची आठवण काढतात, आणि दोन्हीकडची थोरली मंडळी शेवटी आवाज खाली आणून कुणाच्या तरी पापाविषयी बोलू लागतात. प्रश्न फार जुना आहे. वाटेवर बसलेल्या जन्मांधाला पाहून शिष्यांनाही तोच पडला होता. योहानाच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग उपवासकाळात आपण ऐकतो. प्रभूने तेथे दोषाची ती वाटणीच नाकारली. आपण मात्र ती अजून सोडलेली नाही.

विज्ञानानेही या प्रश्नाला गेल्या शतकात आपल्या परीने उत्तर दिले. ते समजून घेतल्यावाचून पुढच्या नैतिक प्रश्नाला हात घालता येत नाही, म्हणून थोडा वेळ रक्ताच्या एका थेंबापाशी थांबू. उदाहरण सिकल सेल या आजाराचे घेतो. गडचिरोली-चंद्रपूरकडे आणि सातपुड्याच्या कुशीतल्या नंदुरबारकडे हा शब्द पाड्यापाड्यांवर माहीत आहे. मुंबई-वसईकडच्या धर्मग्रामांत तो तितकासा कानावर पडत नाही, आणि म्हणूनच त्याविषयी शांतपणे विचार करणे आपल्याला जमण्यासारखे आहे.

जनुक म्हणजे पेशीत जपून ठेवलेली लेखी कृती, आणि प्रथिन म्हणजे त्या कृतीबरहुकूम तयार झालेला पदार्थ. रक्ताला तांबडा रंग देणारे आणि फुप्फुसांतून प्राणवायू उचलून अंगभर पोचविणारे हिमोग्लोबिन हे असेच एक प्रथिन. त्याच्या एका रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत अमिनो आम्लांचे १४६ दुवे असतात, आणि प्रत्येक दुवा कोणता असावा हे जनुकातली तीन-तीन अक्षरे ठरवितात. सिकल सेलच्या रुग्णात सहाव्या दुव्याच्या तीन अक्षरांपैकी मधले अक्षर बदललेले असते. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येऊन बसते. साखळीतले बाकीचे १४५ दुवे जसेच्या तसे असतात. एवढ्याशा बदलाने काय व्हावे? प्राणवायू सोडून दिल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, त्याचे लांब ताठर धागे बनतात, आणि मऊ गोल तांबडी पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. मग हाडांत, छातीत, पोटात अशी कळ उठते की धडधाकट तरुण माणूस जमिनीवर लोळतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्याच्या आकाराची दहा ते वीस दिवसांत संपते. अंगात रक्त टिकत नाही ते त्यामुळे.

हा रेणूचाच आजार आहे हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवून दिले. बिघडलेला नेमका दुवा केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधून काढला. माणसाचे असह्य दुखणे आणि एका अक्षराची अदलाबदल यांच्यामधली वाट प्रथमच इतकी स्पष्ट दिसली.

आता ‘कोणाकडून आले’ या प्रश्नाकडे वळू. त्याचे गणित ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठातल्या ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्याच्या वाफ्यात मांडले आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. त्याच्या हयातीत त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्यापाशी असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. सिकल सेलची एकच प्रत असेल तर माणूस ‘वाहक’ होतो. तो रोगी नसतो. बहुधा साऱ्या आयुष्यात त्याला कशाचा पत्ताही लागत नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तरच त्यांच्या पोटी रुग्ण मूल जन्मण्याचा संभव, आणि तो प्रत्येक खेपेला चारात एक. (पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुखरूप, असा हिशेब पुष्कळजण करतात. फासा मागचे दान लक्षात ठेवत नाही.) तेव्हा दोन घराण्यांच्या भांडणाला विज्ञानाने दिलेले उत्तर असे आहे: आजार दोघांकडून सारखाच आला, आणि देताना दोघांनाही ठाऊक नव्हते.

त्याहून विलक्षण गोष्ट १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पुढे आणली. ज्यांच्या अंगी बदललेली एकच प्रत असते, त्यांना घातक हिवतापापासून पुष्कळ संरक्षण मिळते. आफ्रिकेत, भूमध्य समुद्राच्या काठी, आपल्याकडच्या जंगलपट्ट्यांत, म्हणजे जेथे शतकानुशतके हिवतापाने मुले नेली, तेथेच हे जनुक टिकून राहिले. वाहक असलेली बाळे तापातून वाचली, मोठी झाली, त्यांना लेकरे झाली. ज्याला आपण दोष म्हणतो त्याच्या आश्रयाने पिढ्या तगल्या, आणि त्याची किंमत चारातल्या एका लेकराने मोजली. मला या वस्तुस्थितीतून कोणतेही सोपे आध्यात्मिक रूपक काढायचे नाही. दुखण्याने तळमळणाऱ्या मुलाच्या उशाशी बसून असली रूपके बोलूही नयेत. पण ‘सदोष रक्त’, ‘बिघडलेले घराणे’ हे शब्द जिभेवर येण्यापूर्वी ही गोष्ट ठाऊक असावी.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे भारत सरकारने राष्ट्रीय सिकल सेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियान सुरू केले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावी आणि २०४७ पर्यंत या आजाराचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून असलेले स्वरूप संपवावे, असा त्याचा संकल्प आहे. उपक्रम मोठा आहे आणि स्वागतार्हही आहे. ज्या आदिवासी पाड्यांतून आजवर मुले ‘अंगात रक्त नाही’ एवढ्याच निदानावर गेली, तेथे कुणीतरी रक्ताचा थेंब तपासायला पोचले, ही लहान गोष्ट नव्हे. तरीही त्या नावातला ‘निर्मूलन’ हा शब्द मला थबकवितो. देवीच्या रोगाचे निर्मूलन झाले, कारण देवीचा विषाणू माणसाहून वेगळा होता. त्याला माणसातून उपटून काढता आले. सिकल सेलचे मूळ माणसाच्या प्रत्येक पेशीत आहे. ते उपटायचे म्हणजे काय करायचे? रुग्ण बरा करायचा, की रुग्ण जन्मालाच येऊ द्यायचा नाही? सरकारी कागदात या दोन्हींच्या परिणामाचा आकडा सारखाच दिसतो. दोन्ही मार्गांनी रुग्णांची संख्या घटते. नीतीच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

हे अंतर भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही. वर ज्यांचा उल्लेख केला ते पॉलिंग १९५४चे रसायनशास्त्राचे आणि १९६२चे शांततेचे नोबेल मिळविलेले, अणुचाचण्यांविरुद्ध जन्मभर लढलेले गृहस्थ. त्यांनी १९६८ साली असे लिहिले की, ज्या तरुणांच्या अंगी सिकल सेलसारखे जनुक असेल त्यांच्या कपाळावर तसे चिन्ह गोंदवावे, म्हणजे तसलेच दोघे एकमेकांना ओळखतील आणि प्रेमात पडण्यापासून वेळीच दूर राहतील. हेतू दुष्ट नव्हता. मुलांच्या वेदना टळाव्यात एवढीच त्यांची इच्छा होती. पण वेदनेकडे इतके एकटक पाहता पाहता वेदना भोगणारा माणूस नजरेआड होतो, त्याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

कपाळ कुणी गोंदवले नाही, पण त्याच्या जवळपास जाणारे पुष्कळ घडले. १९७०च्या दशकात अमेरिकेतील काही राज्यांनी कृष्णवर्णीयांच्या सक्तीच्या तपासणीचे कायदे केले. वाहक आणि रुग्ण यांतला भेद कायदे करणाऱ्यांनाच नीट कळला नव्हता. निरोगी माणसांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढले. तेथील वायुदलाच्या अकादमीची दारे वाहकांना १९८१ पर्यंत बंद होती. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनॉस या गावाची कथा अधिक बोधक आहे. तेथे जवळजवळ चौथा हिस्सा लोक वाहक होते. संशोधकांनी सर्वांचे रक्त तपासले, प्रत्येकाला त्याचा निष्कर्ष सांगितला, आणि वाहकांनी वाहकाशी लग्न करू नये असा सल्ला दिला. पुढे काय झाले ते जॉर्ज स्टामाटोयानोपुलोस यांनी १९७४ मध्ये मांडले. वाहक मुलींची लग्ने जुळेनात. घरच्यांनी निष्कर्ष लपवायला सुरुवात केली. आणि लपवालपवीमुळे दोन वाहकांची लग्ने जवळजवळ तेवढीच झाली, जेवढी काहीच तपासले नसते तरी झाली असती. आजार घटला नाही; गावात एक नवी अस्पृश्यता तेवढी आली.

आपल्याकडे काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. ज्या समाजात मुलीच्या अंगावरचा कोडाचा डाग तिच्या बहिणीचेही स्थळ मोडतो, तेथे ‘वाहक’ हा शब्द पुरुषाला फारसा चिकटणार नाही, बाईला चिकटेल. अभियानात तपासलेल्या व्यक्तीला जनुकीय स्थितीचे कार्ड मिळते. ते कार्ड खिशात आहे, कपाळावर नाही, यात फार मोठा नैतिक फरक आहे. खिशातली वस्तू कुणाला दाखवायची हे माणूस स्वतः ठरवितो. म्हणूनच ते कार्ड लग्नाच्या स्थळासोबत पाठवायच्या माहितीपत्रकावर चढू नये असे मी आग्रहाने म्हणेन. तपासणी जरूर व्हावी, स्थळे पाहण्याच्या कितीतरी आधी व्हावी, आणि दोन तरुणांनी एकमेकांना विश्वासाने सांगावे. मध्यस्थाने आणि मावश्यांनी ते वाचण्याचे कारण नाही.

याहून कठीण प्रश्न लग्नानंतरचा. गर्भ दहा-बारा आठवड्यांचा असताना वारेचा कण तपासून तो रुग्ण आहे की नाही हे सांगता येते. गर्भाच्या तपासणीला ख्रिस्तसभेचा विरोध आहे असे अनेकांना वाटते, ते खरे नाही. १९८७च्या ‘डोनुम विते’ या शिकवणपत्राने ती तपासणी बालकाच्या रक्षणासाठी वा उपचारासाठी असेल तर योग्यच मानली आहे. निष्कर्ष वाईट निघाल्यास गर्भ काढून टाकायचा हे आधीच ठरवून केलेली तपासणी मात्र तिला मान्य नाही. या ठिकाणी मला प्राध्यापक जेरोम लज्यून यांची आठवण होते. रेमों तुर्पां व मार्त गोतिए यांच्यासह त्यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. आईच्या वर्तनामुळे मूल असे झाले, या निर्दय समजुतीचा आधार त्या शोधाने काढून घेतला. लज्यून यांना पुढे उपचार शोधायचा होता. उपचार सापडला नाही, आणि त्यांचाच शोध पोटातल्या त्या मुलांना हुडकून काढण्याच्या कामी येऊ लागला. त्याविरुद्ध ते पॅरिसपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत बोलत राहिले, आणि मुलांना तपासत राहिले. १९९४ साली जीवनविषयक पोपीय अकादमीचे पहिले अध्यक्ष म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि काही आठवड्यांतच, त्या वर्षीच्या पुनरुत्थानाच्या रविवारी, ते देवाघरी गेले.

सिकल सेलच्या बाबतीत उपचाराची गोष्ट सुदैवाने वेगळी आहे, आणि तिचे सूत्र निसर्गानेच ठेवलेले आहे. पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन मोठ्या माणसापेक्षा निराळे असते. त्यात बीटा साखळी नसते, त्यामुळे तो बदललेला दुवाही नसतो. म्हणूनच रुग्ण बालकाला पहिले काही महिने त्रास होत नाही. पुढे शरीर ते बाळपणीचे हिमोग्लोबिन बनविणे जवळजवळ थांबविते आणि दुखणे डोके वर काढते. ते थांबूच दिले नाही तर? हायड्रॉक्सियुरिया या साध्या गोळीने ते काही प्रमाणात पुन्हा वाढते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत या गोळीमुळे कळांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. त्यापुढचे पाऊल म्हणजे जनुकसंपादन. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या मूळपेशी बाहेर काढून, बाळपणीचे हिमोग्लोबिन बंद पाडणाऱ्या जनुकाची कळ त्यांत फिरवायची आणि त्या पेशी त्यालाच परत द्यायच्या. अमेरिकेतील विक्टोरिया ग्रे या बाईंना २०१९ मध्ये असा उपचार मिळाला. जन्मापासूनच्या वेदनांतून सुटल्यानंतर त्यांनी आपली हकीकत जगापुढे मांडली. ‘कॅसजेव्ही’ या नावाने हा उपचार २०२३च्या अखेरीस प्रथम ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत मान्य झाला.

‘डिग्नितास पेर्सोने’ या २००८च्या शिकवणपत्राच्या कसोटीला हा उपचार उतरतो, कारण बदल रुग्णाच्या स्वतःच्या पेशींत होतो. पुढच्या पिढ्यांच्या बीजात हात घातला जात नाही. बीजातच बदल करण्याचा जो प्रयोग २०१८ मध्ये चीनमध्ये झाला, तो करणाऱ्याला तुरुंगात जावे लागले, आणि ते योग्यच झाले. पण कसोटी एवढ्यावर संपत नाही. नव्या पेशींना जागा करण्यासाठी आधी जी तीव्र औषधे द्यावी लागतात त्यांनी रुग्ण वंध्य होण्याची भीती असते. शिवाय किंमत. अमेरिकेत ती २२ लाख डॉलर ठरली, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. हा आजार ज्यांच्या वाट्याला आला ते बहुतांशी आफ्रिकेतले आणि भारतातले गरीब लोक आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने ‘बिरसा १०१’ या नावाने स्वदेशी जनुकोपचार जाहीर केला आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविले. स्वस्ताईची आशा त्यामुळे वाढली. बिरसा मुंडांचे नाव देणाऱ्यांनी तो उपचार मुंडांच्या वंशजांना परवडेल असाही करावा.

तोवर काय करायचे? येथे जमैकाचे उदाहरण मला जनुकसंपादनाइतकेच मोलाचे वाटते. १९७३ पासून किंग्स्टन येथे जन्मलेल्या एक लाख बाळांचे रक्त तपासण्यात आले आणि रुग्ण मुलांची वर्षानुवर्षे काळजी घेतली गेली. ग्रॅहम सार्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की पुष्कळ तान्ही बाळे एकाएकी प्लीहा सुजून, त्यात रक्त साठून दगावतात. इस्पितळ गाठेपर्यंत वेळ निघून जातो. तेव्हा त्यांनी आयांनाच बाळाच्या पोटावर बोटे ठेवून प्लीहा चाचपायला शिकविले. प्लीहा वाढली की लगेच यायचे. या प्रकाराने होणारे मृत्यू सुमारे नऊ-दशांशांनी घटले. औषध नवे नव्हते, यंत्र नव्हते; आईची बोटे होती. बालकांना रोज पेनिसिलिन दिल्यास जीवघेणे जंतुसंसर्ग टळतात हे १९८६ मध्ये अमेरिकेतील चाचणीने दाखविले. त्याची किंमत आपल्याकडच्या एखाद्या बाप्तिस्म्याच्या जेवणाच्या तुलनेत काहीच नाही.

‘असले आयुष्य जगण्यापेक्षा न जन्मलेले बरे’ असे म्हणणारी माणसे दुष्ट नसतात, थकलेली असतात. त्यांना मी वॉल्टर क्लेमेंट नोएल याची गोष्ट सांगेन. १९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले, ते याच्या रक्तावरून. त्या लेखात त्याचे नाव नाही. हा ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेला तरुण वारंवार आजारी पडत असे. तरी त्याने पदवी घेतली, मायदेशी परतला, राजधानीत दवाखाना थाटला आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने वारला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. वैद्यकाने त्याच्या पेशी जपून लक्षात ठेवल्या. ग्रेनाडात ज्यांची दाढदुखी त्याने थांबविली, त्यांच्या लेखी तो डॉक्टर नोएल होता.

उरतो तो खरा पेच. दोन वाहक तरुण-तरुणी एकमेकांना पसंत करून धर्मगुरूंपुढे येऊन बसतात. त्यांचे लग्न अडविण्याचा अधिकार कुणाला नाही. त्यांनी विचारपूर्वक वेगळे व्हायचे ठरविले तर त्यात पापही नाही, आणि तसे ठरविणाऱ्यांना भित्रे म्हणू नये. पण ते लग्न करतात, त्यांना मूल होते, आणि फासा नको तसा पडतो. गर्भ काढू नका असे त्यांना आपण सांगितलेले असते. आपले सांगणे बरोबर होते असे मी मानतो. परंतु ज्यांनी ते सांगितले त्यांच्यावर त्या वाक्याचे देणे लागू होते. त्या घरी तिसऱ्या महिन्यापासून रोज पेनिसिलिन लागेल. पुढे हायड्रॉक्सियुरिया आणि दर काही आठवड्यांनी रक्ताची तपासणी लागेल. दिव्यांग व्यक्तींच्या २०१६च्या कायद्यात सिकल सेलचा समावेश आहे, पण प्रमाणपत्रासाठी कचेरीत खेटे घालणारे कुणीतरी लागेल. मध्यरात्री कळ उठली तर वाहन लागेल, रक्त लागेल, आईला प्लीहा चाचपायला शिकविणारी परिचारिका लागेल. आपल्या धर्मग्रामांत परिचारिका घरोघरी आहेत, वाहनेही आहेत, आणि रक्तदानाची शिबिरे आपण दरवर्षी भरवितो.